आगरकरांची धर्मचिकित्सा आणि विचारस्वातंत्र्य

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील बुद्धिवादी विचारवंत, संपादक व शिक्षक होते. ईश्वराची कल्पना, धर्मग्रंथांचे प्रामाण्य आणि रूढी यांची बुद्धीच्या कसोटीवर जाहीरपणे तपासणी करणे, म्हणजेच धर्मचिकित्सा, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होय. ही तपासणी करण्याचा अधिकार श्रद्धाळू व अश्रद्ध अशा प्रत्येक माणसास आहे, असे ते मानीत. त्यामुळे धर्माविषयीचे त्यांचे मत आणि विचारस्वातंत्र्याविषयीचे त्यांचे मत ही दोन्ही परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत.

आगरकरांच्या वैचारिक जडणघडणीचा काही काळ वऱ्हाडात गेला. त्याच वऱ्हाडातील बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. आगरकर निरीश्वर मताकडे झुकलेले, तर ताराबाई ईश्वरास मानणाऱ्या होत्या. तरीही धर्माच्या नावाने चालणाऱ्या अन्यायाविरुद्ध बोलण्याची किंमत दोघांनाही मोजावी लागली. म्हणून प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

जीवन व पार्श्वभूमी

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी व अकोला अशी वणवण करावी लागली. अकोला येथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक त्यांना लाभले. तेथूनच १८७५ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी बी. ए. व एम. ए. या पदव्या मिळविल्या. तेथेच बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीच्या मागे न लागता पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकहितासाठी आयुष्य वेचण्याचा आपला निश्चय त्यांनी आईला पत्राने कळविला होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर पुढील वर्षी दाखल झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला व त्याचे संपादकपद त्यांच्याकडे आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) यांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १८९२ पासून मृत्यूपर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याच्या विकाराने ते आयुष्यभर त्रस्त होते व वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

‘नास्तिक’ या शब्दाचा अर्थ

आगरकरांना त्यांच्या काळात सर्रास नास्तिक म्हटले जाई. मात्र हा शब्द भारतीय परंपरेत एकाच अर्थाने वापरला गेलेला नाही. शास्त्रीय परिभाषेत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक होय. या व्याख्येनुसार चार्वाक, बौद्ध व जैन ही दर्शने नास्तिक ठरतात. उलट सृष्टिकर्त्या ईश्वराची गरज न मानणारी सांख्य व पूर्वमीमांसा ही दर्शने वेद मानतात म्हणून आस्तिक गणली जातात. बोलण्याच्या भाषेत मात्र देव न मानणारा तो नास्तिक, असा सरळ अर्थ रूढ झाला आहे.

याखेरीज अज्ञेयवाद ही तिसरी भूमिका आहे. ईश्वर आहे की नाही हे मानवी बुद्धीला निश्चयाने कळू शकत नाही, म्हणून त्याविषयी ठाम विधान करू नये, असे अज्ञेयवादी म्हणतो. या मतासाठी टॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये इंग्रजीत नवा शब्द बनविला. आगरकरांवर ज्यांचा विशेष प्रभाव होता ते हर्बर्ट स्पेन्सर हेही विश्वाच्या आदिकारणास अज्ञेय मानीत. आगरकरांची तात्त्विक भूमिका याच मताच्या जवळची आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. व्यवहारात मात्र ती निरीश्वरवादाहून फारशी वेगळी नव्हती. माणसाने कसे वागावे हे ठरविताना ईश्वरी आज्ञा, परलोक, पापपुण्याचा हिशेब यांचा आधार घेण्याची त्यांना गरज वाटली नाही.

धर्मविषयक विचार

आगरकरांनी देवाधर्माकडे एक ऐतिहासिक घटना म्हणून पाहिले. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात देवतांच्या कल्पना मानवी मनात कशा उपजल्या व कशा बदलत गेल्या याचा त्यांनी विचार केला आहे. मृत पूर्वजांविषयीची भीती व आदर, निसर्गातील प्रचंड शक्तींपुढे वाटणारी असहायता, कार्यकारणाचे अपुरे ज्ञान यांतून अशा कल्पना निर्माण होतात, ही स्पेन्सर आदी पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांची उपपत्ती त्यांना मान्य होती. एखादी गोष्ट मानवी इतिहासात उत्पन्न झाली असेल, तर ती मानवी बुद्धीने तपासता व बदलता येते. या विधानातच त्यांच्या सुधारणावादाचे बीज आहे.

नीतीचा पाया धर्म नव्हे, तर मानवी सुखदुःख व सामाजिक हित हा होय, असे ते मानीत. एखादा आचार चांगला की वाईट हे ठरविण्यासाठी तो कोणत्या ग्रंथात सांगितला आहे हे पाहण्यापेक्षा त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात हे पाहावे, अशी त्यांची रीत होती. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे, प्रेतसंस्कार, पोशाख अशा अगदी घरगुती वाटणाऱ्या विषयांवर त्यांनी लिहिले ते याच दृष्टीने. ‘सोवळ्याची मीमांसा’, ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ ही निबंधांची शीर्षकेच त्यांचा रोख दाखवितात.

या ठिकाणी त्यांचा मार्ग इतर सुधारकांहून वेगळा होतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी प्रार्थना समाजाचे नेते शुद्ध एकेश्वरी भक्तीच्या आधारे सुधारणा करू पाहत. विधवाविवाहासारख्या प्रश्नांवर शास्त्रवचनांचा अनुकूल अर्थ लावण्याची पद्धतही तेव्हा प्रचलित होती. शास्त्रात आधार सापडला तरच सुधारणा करावयाची असे एकदा मान्य केले, की आधार न सापडल्यास अन्यायही मान्य करावा लागतो, ही या पद्धतीतील अडचण होती. ज्या सुधारणेची योग्यता बुद्धीला पटते तिला शास्त्राच्या शिक्क्याची गरज नाही, ही आगरकरांची भूमिका या अडचणीतून निघालेली आहे.

विचार व उच्चार यांचे स्वातंत्र्य

जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीला सरकारकडून जितका धोका असतो तितकाच समाजाच्या दडपणाकडूनही असतो, हा त्यातील एक प्रमुख विचार होय. आगरकरांनी हा विचार महाराष्ट्राच्या परिस्थितीला लावून दाखविला. येथे राजसत्ता परकी होती आणि तिच्यावर टीका करणारा लोकप्रिय होऊ शकत होता. जात, कुटुंब व धर्म यांच्या सत्तेवर टीका करणारा मात्र एकाकी पडत असे. वाळीत टाकणे, प्रायश्चित्त घ्यावयास लावणे, मुलाबाळांच्या विवाहात अडथळे आणणे ही समाजाच्या हातातील शस्त्रे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हती, पण ती अत्यंत परिणामकारक होती.

आगरकरांच्या दोन अनुभवांतून या दोन सत्तांमधील फरक स्पष्ट होतो.

पहिला अनुभव कोल्हापूर प्रकरणाचा. कोल्हापूरचे अल्पवयीन महाराज चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ही टीका झाली ती बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी जामीन दिला होता. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले, तेव्हा त्यांचे मोठ्या उत्साहाने स्वागत झाले. या काळावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ हे त्यांचे रूपांतरही याच काळाशी निगडित आहे.

दुसरा अनुभव सामाजिक टीकेचा. सामाजिक सुधारणांविषयीच्या मतभेदांमुळे १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी काही काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. जे इष्ट वाटेल ते निर्भीडपणे बोलावे व जे शक्य असेल ते करावे, असे या पत्राचे धोरण होते. आपला समाज शिलावस्थेला पोचला आहे, म्हणजे जिवंत झाडाचा दगड व्हावा तसा तो बदलेनासा झाला आहे, असे निदान आगरकरांनी या पत्रात केले. मात्र पाश्चात्त्यांचे आंधळे अनुकरण त्यांना अभिप्रेत नव्हते. आपली मूळ प्रकृती न सोडता नव्या ज्ञानाचा स्वीकार करावा, असे ते म्हणत. या लेखनाचे उत्तर म्हणून पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. सरकारी तुरुंगातून सुटल्यावर ज्याचे स्वागत झाले, त्याच माणसाची समाजाने जिवंतपणी तिरडी बांधली. विचारस्वातंत्र्याचा कस केवळ राजसत्तेपुढे लागत नाही, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर ध्यानात येते.

धर्म व सार्वजनिक जीवन

धर्माशी संबंधित आचारांत सरकारने कायद्याने हस्तक्षेप करावा काय, हा प्रश्न संमतिवयाच्या विधेयकामुळे ऐरणीवर आला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करणारा हा कायदा मार्च १८९१ मध्ये मंजूर झाला. बंगालमधील फुलमणी या बालिकेच्या विवाहानंतरच्या मृत्यूने या चर्चेला धार आणली होती. परक्या सरकारने हिंदूंच्या धर्माचारात कायदे करू नयेत, सुधारणा समाजाच्या आतून व शिक्षणाने व्हावी, असा टिळकांचा पक्ष होता. जेथे दुर्बलावर प्रत्यक्ष शारीरिक अन्याय होत आहे तेथे लोकमत पक्व होण्याची वाट पाहता येत नाही व कायद्याचा उपयोग करणे योग्य आहे, असा आगरकरांचा पक्ष होता.

टिळकांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. परकी सत्ता कोणत्या हेतूने कायदे करील याची शाश्वती नव्हती आणि केवळ कायद्याने रूढी मोडत नाही, हा अनुभवही होता. आगरकरांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की ज्या मुलीसाठी हा वाद चालला होता तिला वादात बोलण्याची संधीच नव्हती. श्रद्धेला स्वातंत्र्य असावे, परंतु श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याच्या देहावर सत्ता चालविण्याचे स्वातंत्र्य असू नये, ही सीमारेषा त्यांच्या भूमिकेतून स्पष्ट होते.

व्यक्तिगत जीवनात आगरकरांनी हे तत्त्व स्वतःच्या घरी पाळले. त्यांच्या पत्नी यशोदाबाई धार्मिक आचार पाळीत व आगरकरांनी त्यांना त्यापासून रोखले नाही. आपल्या अश्रद्धेसाठी स्वातंत्र्य मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रद्धेलाही तेच स्वातंत्र्य दिले पाहिजे, हा यामागील न्याय होय.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक बाहेर पडले. लेखिका ताराबाई शिंदे (जन्म १८५० च्या सुमारास) या बुलढाण्याच्या मराठा कुटुंबातील होत्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाणा येथे सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि त्यांचा सत्यशोधक समाजाशी संबंध होता. मुलींसाठी शिक्षणाची सोय नसलेल्या त्या काळात ताराबाईंना घरीच लिहिण्यावाचण्याची संधी मिळाली.

सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. या निमित्ताने काही वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक केली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी हा निबंध लिहिला. विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली, तिच्या पापात भागीदार असलेला पुरुष मोकळा कसा सुटतो, पतीला देव मानावयाचे तर त्याने देवासारखे वागावे की नाही, असे रोकडे प्रश्न त्यांनी विचारले. पुराणातील देवांचे वर्तन, शास्त्रकारांचा पक्षपात, साधुबैराग्यांचे ढोंग हेही त्यांच्या टीकेतून सुटले नाही. पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री सर्वांना ठाऊक आहे, पण पत्नीसाठी यमाकडे गेलेला पती कोणी ऐकला आहे काय, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न आजही वाचकास निरुत्तर करतो.

ताराबाई नास्तिक नव्हत्या. ईश्वरास उद्देशूनच त्या आपली तक्रार मांडतात. आगरकर बाहेरून धर्म तपासतात, तर ताराबाई श्रद्धेच्या घरात उभ्या राहून घरधन्यालाच जाब विचारतात. धर्मचिकित्सा हे केवळ नास्तिकांचे काम नाही, याचा हा ठळक पुरावा होय.

या पुस्तकाची हेटाळणी झाली आणि तीत सत्यशोधक चळवळीशी संबंधित मंडळीही होती. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांना उत्तर दिले. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करेपर्यंत हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. आगरकरांकडे स्वतःचे साप्ताहिक होते, कॉलेजातील पद होते, सहकारी होते. बुलढाण्यातील एका स्त्रीकडे यांपैकी काहीही नव्हते. बोलण्याचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांना सारखे असले, तरी ते वापरण्याची साधने सारखी नसतात. ताराबाईंचे मौन हे त्याचेच उदाहरण आहे.

मर्यादा व टीका

आगरकरांच्या विचारांवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचे लेखन प्रामुख्याने पुण्यामुंबईच्या सुशिक्षित उच्चवर्णीय वाचकांस उद्देशून होते. केशवपन, सोवळेओवळे यांसारखे प्रश्न मुख्यतः त्याच वर्गाचे होते. शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीचा प्रश्न फुले यांनी ज्या तीव्रतेने मांडला तितक्या तीव्रतेने तो ‘सुधारक’मध्ये आला नाही. धर्म हा सामान्य माणसाला दुःखात धीर देतो व वारकरी संतांनी धर्माच्याच भाषेत समतेचा उपदेश केला, याकडे केवळ बुद्धीच्या कसोटीने पाहणारा पुरेसे लक्ष देत नाही, असेही म्हटले जाते. या आक्षेपांची चर्चा होऊ शकते, हेच आगरकरांच्या पद्धतीला धरून आहे. कारण स्वतःचे मत अंतिम मानावे, असा त्यांचा आग्रह नव्हता.

उत्तरकाळ

आगरकरांनंतर रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी निरीश्वर बुद्धिवादाची बाजू अधिक रोखठोकपणे मांडली. संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांसाठी १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते, तरीही कर्वे यांना दंड झाला.

धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीचे तत्कालीन भारतीय दंड संहितेतील कलम २९५-अ हे १९२७ मध्ये समाविष्ट करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविले. मात्र हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला धर्माचा अपमानच या कलमाखाली येतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजेच प्रामाणिक चिकित्सा व दुष्ट हेतूने केलेला अपमान यांत कायदा भेद करतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे, तर अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक व सुधारणावादी वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. त्यांनी अनेक वर्षे आग्रह धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर प्रथम अध्यादेशाने व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूर येथे कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळीबार झाला व त्यात त्यांचा मृत्यू झाला. आगरकरांच्या वाट्याला प्रतीकात्मक प्रेतयात्रा आली होती, सव्वाशे वर्षांनंतर मात्र चिकित्सकांचे प्राण घेतले गेले.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलढाणा हा श्रद्धेची मोठी परंपरा असलेला जिल्हा आहे. शेगाव येथील गजानन महाराजांचे समाधिस्थान व तेथून दरवर्षी पंढरपूरला जाणारी पालखी, सिंदखेडराजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान, लोणार सरोवराकाठची प्राचीन मंदिरे ही त्याची ठळक उदाहरणे होत. याच जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. तिला हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक येतात. भूतबाधा झाली आहे असे समजून मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना येथे आणण्याची प्रथाही जुनी आहे.

२०१३ चा कायदा अशा ठिकाणी नेमका काय सांगतो हे समजून घेणे उपयुक्त ठरते. देव किंवा दर्गा मानू नये असे तो सांगत नाही. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना त्यात बाधा नाही. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्यास बांधून ठेवणे, मारहाण करणे, चटके देणे वा वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. यात्रेकरूची श्रद्धा आणि साखळीने बांधलेल्या रुग्णाची वेदना यांत कायद्याने ओढलेली ही रेषा आगरकरांनी संमतिवयाच्या वादात ओढलेल्या रेषेशी मिळतीजुळती आहे. तेव्हा बोलण्याची संधी नसलेली ती मुलगी होती, आज येथे तो रुग्ण आहे. त्याच्या वतीने बोलणारा माणूस आस्तिक असो वा नास्तिक, त्याला निर्भयपणे बोलता यावे हा विचारस्वातंत्र्याचा व्यावहारिक अर्थ होय.